बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या घरी काय शिजत होतं?

मंडळी, १९७२चा दुष्काळ कळत्या वयात सोसलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीला आली आहेत. दुष्काळी कामांवर तेव्हा लाखो माणसं राबली, त्यातूनच पुढे १९७७चा रोजगार हमी कायदा झाला, एवढं पुस्तकांत सापडतं. चुलीपाशी काय चाललं होतं ते सापडत नाही. घरच्या म्हाताऱ्यांना आत्ताच विचारा आणि इथे लिहा. सुरुवात मी करते.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, यायचा. पिठाला चिकटाई नाही, भाकरी थापतानाच चिरायची. आजी आधणाच्या पाण्यात पीठ उकडून घ्यायची, तेव्हा कुठे भाकरी तव्यापर्यंत जायची. घरात गाडगंभर ज्वारी होती, पण ती बियाण्याची. पोरं रडली तरी आजीनं त्या गाडग्याला हात लावू दिला नाही.

—

आम्ही बीडकडचे. आई खडी फोडायला जायची. सायकलच्या जुन्या टायरचं कडं करून त्यात दगड धरायचा, वरून हातोडी. म्हणजे कपच्या डोळ्यांत उडत नाहीत. मजुरी ढिगाच्या मापावर. शेजारची एक बाई पोटुशी होती, तिचं माप भरेना. मुकादम यायच्या आत बाया आपापल्या ढिगातली एकेक पाटी तिच्या ढिगावर ओतायच्या. आपली मजुरी तेवढी कमी व्हायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आई हे सांगते तेव्हा त्यात तिला काही विशेष वाटत नाही. मला वाटतं, फार वाटतं. लेकरांना कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. मी माझ्या वाट्याची निम्मी धाकटीसाठी फडक्यात बांधून आणायचो.

—

आमच्याकडे चारा संपला आणि बैल मिळेल त्या भावाला गेले. वडील पुण्याला बिगारी कामाला आले, मागून आम्ही. पाऊस झाला तरी परत गेलो नाही. बैलच नव्हते तर शेत कशानं नांगरणार?

—

सांगोल्याचे माझे मामा म्हणतात, बहात्तरला खायला नव्हतं, पण विहिरीच्या तळाशी पाणी होतं. २०१३ला दुकानात धान्य होतं आणि पाणी टँकरचं.

—

बीडच्या दादांना विचारायचं होतं: आईंना तेव्हा मजुरी किती आणि किती दिवसांनी मिळायची? आठवत असेल तर जरूर लिहा. पाझर तलावाच्या, नालाबांधाच्या कामावर कुणाच्या घरचं असेल, तर त्यांनीही लिहावं.