सोलापुरात कमी पाण्यावर तगणारी आणि पाखरांना आसरा देणारी बाग कशी करावी?

प्रश्न (जुळे सोलापूर):
नमस्कार. आमच्या घरापुढे सुमारे ६०० चौरस फूट मोकळी जागा आहे. तेथे हौसेने लॉन लावले होते. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत असल्यामुळे सारी भिस्त बोअरवर होती आणि एप्रिलमध्ये बोअर आटल्यावर पंधरा दिवसांत सगळे वाळून गेले. आता वडील म्हणतात की सरसकट फरशी घालून टाकू. बुलबुल आणि चिमण्या अंगणात येतात, त्यांची जागा जाईल म्हणून मला ते नको वाटते. थोड्या पाण्यात काय लावता येईल?

उत्तर १ (होटगी रस्ता):
ताई, लॉन गेले याचे वाईट वाटून घेऊ नका. उन्हाळ्यात एका चौरस मीटर लॉनला रोज निदान पाच लिटर पाणी लागते, म्हणजे तुमच्या जागेला जवळजवळ २८० लिटर. आपल्याकडे वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे आपली बाग सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाकडे पाहून आखावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या माळावर माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. तिथले गवत चैत्रात पिवळे पडते आणि मृगाच्या सरींनंतर पुन्हा फुटते. वाळणे म्हणजे मरणे नव्हे, हे एकदा मान्य केले की निम्मे पाणी वाचते.

कडेने तरवड, निरगुडी, अडुळसा आणि करवंद लावा, मध्ये एखादे बोर किंवा सीताफळ. अडुळशाच्या फुलांवर शिंजीर हा मध पिणारा चिमुकला पक्षी येतो, करवंदाच्या काटेरी जाळीत बुलबुल निर्धास्त घरटे करतो. कढीपत्ता अवश्य लावा आणि त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा काळा-पांढरा ठिपका आढळला तर फवारणी करू नका. ती फुलपाखराची अळी असते, पुढे हिरवी होते आणि चार पाने खाऊन निघून जाते.

रोपे जूनअखेर लावावीत, कारण आपला खरा पाऊस सप्टेंबरचा, आणि तोवर मुळे धरलेली असली की तो सगळा कामी येतो. आळ्यात उसाच्या पाचटाचा चार बोटे थर द्या. पहिल्या दोन उन्हाळ्यांत प्रत्येक रोपाशेजारी एक साधे भाजलेल्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून आठवड्यातून दोनदा भरले की पुरते.

उत्तर २ (विजापूर रस्ता):
एक गोष्ट राहिली. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून घराच्या किंवा भिंतीच्या पायाला लागून आळी किंवा शोषखड्डा करू नये, निदान दहा फूट अंतर ठेवावे. आमच्या कुंपणाच्या भिंतीला याच चुकीमुळे तडा गेला. गच्चीचे पाणी मात्र वाया घालवू नका. १००० चौरस फुटांच्या गच्चीवरून, वाया जाणारे धरूनही, वर्षाकाठी सुमारे ४०,००० लिटर पाणी मिळते. वडिलांना फरशीऐवजी मुरमाची पायवाट सुचवून पाहा; चिखल होत नाही आणि पाणीही मुरते.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. मुरमाची पायवाट वडिलांनी मान्य केली आहे. आणखी एक विचारते: कुंपणाजवळ रुई आपोआप उगवली आहे. तिचा चीक डोळ्यांना घातक म्हणून आई ती उपटायला सांगते. काढावी का?

उत्तर १:
आईंची काळजी खरी आहे. चीक डोळ्यात जाऊ देऊ नये आणि घरात लहान मूल असेल तर रुई त्याच्या हाताला लागेल अशी नसावी. पण मागच्या कोपऱ्यात एखादे झाड राहू द्या. काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची एक अळी रुईच्या पानांवर वाढते आणि तिचे नारिंगी फुलपाखरू होते. शनिवारी मारुतीला माळ करण्यासाठी पाने तोडाल, तेव्हा प्रत्येक पान उलटून खाली अंडे किंवा अळी नाही ना, एवढे पाहून घ्या.