आकाशवाणी-दूरदर्शनसाठी घरटी शुल्क पुन्हा आणावं का?

मांडवीकाठ
ब्रिटनमधल्या स्विंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या गोंयकारांना घरी टीव्ही बघायचा तर लायसन्स काढावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये त्याचं वर्षाचं शुल्क १७४.५० पौंड झालं. त्यावर मुख्यतः बीबीसी चालते. बीबीसीची सनद २०२७ अखेर संपते, म्हणून हे शुल्क ठेवावं का यावर तिथे वाद चालू आहे. माझ्या मते ठेवावं, आणि आपल्याकडेही आणावं.

आपल्याकडे ते होतंच. रेडिओचं लायसन्स पोस्टात काढावं लागे, पुढे टीव्हीचंही. १९८०च्या दशकाच्या मध्यात ते बंद झालं. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती १९९७ मध्ये कागदावर स्वायत्त झाली, पण पगार आजही केंद्राच्या अनुदानातून होतात. पगार देणाऱ्याला अडचणीचा प्रश्न कोण विचारणार?

पोर्तुगालने हे शुल्क वीजबिलात घातलंय, महिन्याला सुमारे तीन युरो. गोव्यातही वीज खातं सरकारीच आहे. महिन्याला वीस रुपये घ्या आणि ते पणजी केंद्रालाच द्या.

सत्तरीकर
भाऊ, साफ विरोध. धनगरवाड्यावरच्या घराला वीस आणि दोनापावलच्या बंगल्यालाही वीस, हा कुठला न्याय? महागाईत लोकांवरचा भार नको म्हणून फ्रान्सने २०२२ मध्ये हे शुल्क रद्द केलं. ब्रिटनमध्ये लायसन्स नसल्याबद्दल खटला होतो आणि दोषी ठरणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश बायका असतात, कारण तपासनीस आला की दार उघडायला घरात त्याच असतात. असली पद्धत गोव्यात हवी?

आणि शुल्काने स्वातंत्र्य मिळतं हे मला पटत नाही. तिथेही रक्कम सरकारच ठरवतं. २०२२ मध्ये त्यांनी ती दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठवली. पैशाचा नळ मंत्र्याच्याच हातात राहिला.

माशेलची_बाय
दोघांनाही विचारते, पणजीतलं आल्तिनोचं केंद्र बंद पडलं तर काय जाईल याचा हिशेब केलात का? जत्रेतलं नाटक, भजनी मंडळं, कोकणी कथा, मच्छीमारांसाठी समुद्राचा इशारा. यांतलं काय मुंबईचं खाजगी चॅनल दाखवणार? त्यांना गोवा दिसतो तो पर्यटन हंगामात नाहीतर आमदार फुटले की. इथल्या भाषेत इथलं ऐकायचं तर सार्वजनिक पैसा लागेलच, तो घालायची माझी तयारी आहे. पण घरटी सारखी रक्कम नको. फिनलंडने २०१३ पासून उत्पन्नावर वेगळा कर ठेवलाय. कमी कमाईच्या माणसाला काही भरावं लागत नाही आणि श्रीमंतालाही वरची मर्यादा आहे. तसं करा.

मांडवीकाठ
सत्तरीकरभाऊ, गरिबांचा मुद्दा मान्य, पण त्याला उपाय आहे. पोर्तुगालमध्ये वर्षाला ४०० युनिटांपेक्षा कमी वीज जाळणाऱ्याला शुल्क माफ आहे. शिवाय बिलातूनच वसुली, म्हणून तपासनीस दारात येण्याचा प्रश्नच नाही.

सरकारी रेडिओ म्हणजे काय ते गोव्याने भोगलंय. पोर्तुगीज राजवटीच्या 'एमिसोरा द गोवा' रेडिओवरून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचीच बाजू ऐकू यायची. दुसरी बाजू गोंयकारांपर्यंत पोचवायला लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांना १९५५ ते १९६१ हद्दीपलीकडच्या रानातून गुप्त रेडिओ चालवावा लागला. तो इतिहास असलेल्या लोकांनी तरी केंद्राची दोरी एका मंत्रालयाच्या हाती ठेवू नये.

सत्तरीकर
लिबियाताईंबद्दल आदर पूर्ण आहे. पण पैसे जमले की आधी जाणार कुठे ते सांगा. जीएसटी भरपाईचा उपकर फक्त राज्यांसाठी होता, तरी २०१७-१९ मध्ये तो त्या निधीत पूर्ण जमा झाला नाही, केंद्राने इतरत्र वापरला. हे कॅगनेच नोंदवलंय. तुमचे वीस रुपये दिल्लीला गेले तर आल्तिनोपर्यंत परत येतील याची हमी काय?

माशेलची_बाय
हा प्रश्न माझ्या करालाही लागू होतो. म्हणून आधी कायदा बदलून घ्या. गोळा झालेला पैसा वेगळ्या निधीत, त्यावर गोव्यातल्या श्रोत्यांचं मंडळ, आणि दरवर्षीचा हिशेब विधानसभेपुढे. तोवर बिलात एक पैसाही वाढवू नये, यात मी सत्तरीकरांच्या बाजूने.

मांडवीकाठ
मंडळ नेमणार कोण, बाय? सरकारने नेमलं तर आपण होतो तिथेच.