ज्येष्ठांना हेल्पलाइन नको, मुलांना संस्कार हवेत म्हणे!

नलिनी_सातारा: परवा एकांनी लिहिलं, "१४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन, एल्डरलाइन, म्हणजे समाजाचा पराभव. मुलांवर संस्कार असते तर म्हाताऱ्यांना फोन लावायची वेळ आली नसती." वाचून डोकंच फिरलं. आमच्या शेजारच्या आजींना मूलबाळ नाही. त्यांनी कुणाचे संस्कार काढायचे? जन्मभर लोकांकडे भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झाल्यात, हयातीच्या दाखल्यासाठी यंत्र ठसाच घेईना. पेन्शन अडकायची वेळ आली. मी १४५६७ लावून दिला. पलीकडची मुलगी मराठीत, न कंटाळता बोलली. चेहरा दाखवूनही दाखला निघतो, हे आम्हाला तिच्याकडून कळलं. यात पराभव कसला?

मास्तर_परभणी: असहमत. ही लाइन सकाळी ८ ते रात्री ८. म्हातारं माणूस रात्री दोनला न्हाणीत पडतं, त्याचं काय? आणि फोन लागला तरी आमच्या तालुक्यात पत्ता देणार कुणाचा? दिवसभर आईला सोबत करणारी बाई मिळत नाही, फिजिओथेरपीला जिल्ह्याला जावं लागतं. गावात सोयच नाही तर नुसता नंबर काय चाटायचा?

नलिनी_सातारा: रात्री पडलं तर १०८ लावा. ॲम्ब्युलन्सचं काम एल्डरलाइनच्या गळ्यात कशाला? बेघर, टाकून दिलेल्या माणसांसाठी तिची माणसं प्रत्यक्ष जागेवर जातात, तेही बघा.

निवृत्त_अव्वल_कारकून: हेल्पलाइन राहू द्या, आधी बक्षीसपत्रं थांबवा. प्रांत ऑफिसात आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखालचे अर्ज मी हाताळलेत. दहातल्या आठांची कथा एकच: घर मुलाच्या नावावर, आणि आता ताट मागच्या पडवीत. कलम २३ खाली दस्त रद्द होतो, पण त्यात सांभाळायची अट हवी. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ही अट असायलाच हवी असं म्हटलं. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या निकालात कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला. पण निकालाच्या भरवशावर सही करू नये. मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा महिना १०,०००, त्यात औषधंही भागत नाहीत.

न्यूजर्सीकर: म्हणजे प्रत्येक मुलगा चोर? बाबांनी फ्लॅट आपणहून दिला. मी रोज फोन करतो, पैसे पाठवतो.

निवृत्त_अव्वल_कारकून: पैसे पाठवणं आणि बेडपॅन उचलणं यात फरक आहे, साहेब.

न्यूजर्सीकर: माझ्या घरात डोकावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

सून_नाशिक: बेडपॅन उचलते ती सून, आणि त्याबद्दल तुम्ही दोघंही अवाक्षर काढत नाही! सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. जेवून तासाभरात शेजाऱ्यांना सांगतात, मला उपाशी ठेवलंय. उद्या कुणी हेल्पलाइनला कळवलं तर दारात चौकशीला येतील आणि गुन्हेगार मी ठरेन. सांभाळणारीने कुठे फोन करायचा?

नलिनी_सातारा: तिथेच करा ना ताई. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला कसं सांभाळायचं, जवळपास कोण मदत करेल, हे विचारता येतं. तुमचाच जीव मेटाकुटीला आला असेल तर १४४१६, टेली मानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. ती रात्रीही सुरू असते.

सून_नाशिक: बघते. पण आधी नणंदांनी वर्षातून महिनाभर आईला न्यावं, ते सांगणारा नंबर असेल तर द्या.

मास्तर_परभणी: बरं, १४५६७ आईच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवतो, झालं समाधान? पण तालुक्याला एक तरी डे-केअर काढा म्हणून भांडायचं सोडून सगळे नंबराचीच आरती करताय, हे माझं म्हणणं कायम.

पाटील_कराड: कारकूनसाहेब, आमचा दस्त सोमवारी आहे. अट कशी लिहायची?

निवृत्त_अव्वल_कारकून: अन्न, औषधपाणी, राहणं, सगळं स्पष्ट लिहून वकिलाकडून तपासून घ्या. खरं विचाराल तर सोमवार पुढे ढकला. मृत्युपत्राने काम होत असेल तर जिवंतपणी घर नावावर करूच नका.