मदत हवी आहे: सक्युलंटचं रीथ खालून सडतंय आणि वरून सुकतंय, पावसाळ्यात काय करू?

मंडळी, बागकामवाल्यांनी जरा मदत करा. सक्युलंटचं (जाड, रसाळ पानांची रोपं) जिवंत रीथ केलंय, म्हणजे तारेच्या गोल सांगाड्यात मॉस (वाळवलेलं शेवाळ) भरून त्यात कटिंग्ज खोचलेली, आणि ते भिंतीला टांगायचं. फेब्रुवारीत केलं, उन्हाळाभर मस्त होतं, येणारा जाणारा हात लावून बघायचा खरी आहेत का प्लॅस्टिकची म्हणून. आता जून लागल्यावर खालच्या बाजूची रोपं जायला लागली आहेत आणि वरची मात्र सुरकुतलेली. पाणी घालू की नको तेच कळेना.

आधी माहिती देते, नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल. पुणे, कोथरूड, चौथा मजला, पूर्वेची बाल्कनी, सकाळचं ऊन नऊ-साडेनऊपर्यंत. दाराला लावायची हौस होती पण आपल्या फ्लॅटची दारं पॅसेजात उघडतात, तिथे ट्यूबलाइटखाली काय जगणार कप्पाळ! व्हिडिओतल्या कॅलिफोर्नियावाल्या बायकांचं दार सरळ अंगणात उघडतं त्यामुळे त्यांचं भागतं. म्हणून बाल्कनीच्या भिंतीवर, जिथे पावसाचे शिंतोडे येतात पण धो धो भिजत नाही अशा जागी.

सांगाडा १२ इंची. ऑर्किडला वापरतात ते स्फॅग्नम मॉस भिजवून, पिळून, दाबून भरलं आणि वरून तंगूस गुंडाळली. कटिंग्जना इंचभर देठ ठेवून सावलीत सुकवली, टोकाला खपली धरल्यावर पेन्सिलीने भोक पाडून खोचली, वर यू पिना. मुळं धरेपर्यंत महिनाभर आडवंच ठेवलं होतं. रोपं म्हणाल तर एचेवेरिया सगळ्यात जास्त, घोस्ट प्लांट, सेडम, छोट्या पानांचं जेड आणि मधेमधे हॉवर्थिया.

आता लक्षणं. खालच्या एचेवेरियाची बुडाची पानं पिवळट, काचेसारखी आरपार दिसतात आणि बोट लागलं की पचकन गळून पडतात. एक उपटून पाहिलं तर देठ काळा, वरचा पानांचा गुलाब मात्र अजून टवटवीत. मॉस खाली दाबलं तर पाणी येतं आणि वर हात लावला तर पापडासारखं कडक. कीड दिसत नाही, कापसासारखं पांढरं काही नाही, मुंग्याही नाहीत.

तर सगळं सोडवून कुंड्यांमध्ये लावू का आणि दिवाळीनंतर परत करू, की टांगलेलंच ठेवून काही जुगाड होईल? नवरा म्हणतो घरात आण, पण घरात आणलं की चार दिवसांत सगळ्यांच्या माना लांब होतात. फोटो अपलोड होत नाहीये, झाला की टाकते.

प्रतिसाद
टांगलेल्या अवस्थेत वरून पाणी घालताय का? तसं असेल तर ते सगळं उतरून तळाशी साचणारच, मॉस स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून बसतं. आम्ही सॅन डिएगोला आहोत, इथे वर्षाकाठी जेमतेम १० इंच पाऊस आणि तोही हिवाळ्यात, तरी टांगून पाणी घातलं की हेच होतं. खाली काढायचं, परातीत आडवं ठेवून मागच्या बाजूने भिजवायचं, मग जाळीवर दिवसभर आडवंच निथळू द्यायचं. परत टांगताना फिरवून, आधी वर होती ती बाजू खाली. तुमच्याकडे आता हवाच इतकी ओली की महिन्यातून एकदा भिजवलं तरी खूप झालं.

प्रतिसाद
आडवं भिजवण्याबद्दल +१, पण पावसाळ्यापुरती एचेवेरिया काढाच हो. ती मुळात मेक्सिकोच्या डोंगरातली, पाऊस तिथेही उन्हाळ्यातच पडतो पण रात्री गार असतात आणि पाणी दगडांतून निघून जातं. आपल्याकडे उबदार रात्र, ओलं मॉस आणि वारा बंद, बुरशीची चंगळ. मी डोंबिवलीत, आमच्याकडे तर जुलैत एचेवेरिया जगली तर पेढे वाटायचे.

आता काळा देठ. टवटवीत शेंडा फेकू नका. ब्लेड स्पिरिटने पुसून काळ्याच्या वर कापा, आतून कुठेही तपकिरी ठिपका दिसला तर अजून वर, कापलेला भाग स्वच्छ हिरवट पांढरा दिसेपर्यंत. मग ‘साफ’ नावाची बुरशीनाशक पावडर लावून कोरड्या जागी ठेवा, खपली धरली की भरड मातीत, अर्धी माती अर्धी बारीक खडी. जेड आणि घोस्ट प्लांट राहू देत रीथमध्ये, चिवट आहेत.

प्रतिसाद
मुळात आपल्या हवेला मॉस नकोच. नारळाचा काथ्या आणि कोकोचिप्स भरा, लवकर सुकतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. हो, टांगूनच स्प्रे मारत होते, सगळीकडे तसंच दाखवतात. आत्ताच खाली काढलं आणि पंख्याखाली आडवं ठेवलंय, एचेवेरिया उद्या सोडवते. जिथे रोपं निघतील तिथे जेडचेच तुकडे खोचीन म्हणते, ते झाडावर ढीगभर आहेत.

काथ्याबद्दल, माझ्या जाळीची भोकं मोठी आहेत, चिप्स गळून जातील आणि घरच्यांची बोलणी मीच खाईन. पुढच्या वेळी बघू. पण एक अडचण, वरच्या कडक मॉसमध्ये पाणी शिरतच नाहीये, थेंब घरंगळून खाली जातात. त्या बाजूचं काय करू?

प्रतिसाद
पूर्ण वाळलेलं मॉस असंच करतं, पाणी झटकून टाकतं. बादलीत कोमट पाणी घ्या आणि फक्त तेवढीच बाजू, पाठीकडून, वीसेक मिनिटं बुडवून ठेवा. सुरुवातीला तरंगेल, हाताने हळू दाबून धरा, बुडबुडे यायचे थांबले की झालं. ओली बाजू अजिबात बुडू देऊ नका आणि ती पुरती कोरडी वाटल्याशिवाय रीथ भिंतीवर चढवू नका, मग भले आठवडा जाऊ दे. आणि फोटो टाका हो, एवढं वर्णन केलंत तर बघायचंय.