भावाच्या खात्यात स्कॉलरशिप पडली, त्याने थोडी खर्च केली, आता कॉलेज हॉल तिकीट देत नाही. काय करावं?

जिंतूरची ताई

जय भीम सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ संभाजीनगरला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. खाजगी कॉलेज, पण नंबर कॅप राउंडमधूनच (सरकारी प्रवेशफेरीतून) लागला. वडील गवंडीकाम करतात, उत्पन्नाचा दाखला ९६ हजारांचा. महाडीबीटीवर (राज्याच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर) भारत सरकार पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपचा फॉर्म मीच बसून भरला होता. तीनदा ओटीपी गेला, दोनदा फोटो मोठा झाला, एकदा 'सेंड बॅक' आला. शेवटी अप्रूव्ह झाला आणि आम्ही सुटलो म्हणून विसरून गेलो.

मागच्या महिन्यात भावाच्या खात्यात ४८,००० पडले. मला तो बोलला नाही. त्याला वाटलं, फी तर आपल्याला माफ आहे, मग हे पैसे राहण्याखाण्याचे असतील. १४,००० चा जुना लॅपटॉप घेतला, खोलीचं थकलेलं भाडं ४,५०० दिलं, मेसचे ३,००० दिले. २६,५०० शिल्लक आहेत. आता ऑफिसातले म्हणतात की ते पैसे कॉलेजचे आहेत, भरा, नाहीतर हॉल तिकीट नाही. पेपर १२ दिवसांवर आलेत.

काल फोनवर रडत होता. "ताई, मी चोरी केली का गं?" म्हणाला. मी एका दुकानात हिशेब लिहिते, मला ९,००० पगार आहे. लॅपटॉप विकावा का? वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

जुना टेबलवाला

ताई, आधी भावाला फोन करा आणि सांगा की चोरी वगैरे काही नाही. मी एका कॉलेजात २२ वर्षं स्कॉलरशिपच्या टेबलावर होतो, मागल्या वर्षी निवृत्त झालो. तुमच्या भावासारखी लेकरं शेवटच्या तीन-चार वर्षांत मी रांगेने पाहिली. सगळ्यांचा घोटाळा हाच. पैसा त्यांच्या नावाने येतो, पण कशाचा आलाय ते कुणी सांगत नाही. बँकेच्या मेसेजमध्ये डीबीटी की असलंच काहीतरी इंग्रजी असतं. त्यावरून पहिल्या वर्षाच्या पोराने काय ओळखावं?

पूर्वी चेक कॉलेजच्या नावाने यायचा. फी कॉलेज कापून घ्यायचं आणि उरलेल्या भत्त्यासाठी पोरं माझ्या टेबलापुढे उभी राहायची. रजिस्टरला सही, रेव्हेन्यू स्टॅम्प, नोटा मोजून हातात. त्यातही कॉलेजं महिनोन् महिने पैसे दाबून बसायची, ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. पण कोणता पैसा कुणाचा हे पोराला कळायचं.

आता नियम बघा. अनुसूचित जातीच्या या शिष्यवृत्तीचा खर्च २०२०-२१ पासून केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटलेला आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो, आणि त्यात फी आणि भत्ता दोन्ही मिसळलेले असतात. म्हणजे फीचा पैसा पोराच्या हातातून कॉलेजला जायचा असतो. 'फी माफ' हा शब्दच घात करतो. फी माफ नसते, सरकार भरतं, आणि ते भरण्याचा रस्ता आता तुमच्या भावाच्या पासबुकातून जातो.

तुमच्या आकड्यावरून मला वाटतं ट्यूशन फी ७३,००० असावी आणि भत्ता ७,०००. व्यावसायिक पदवीला वसतिगृहात न राहणाऱ्याला वर्षाचे ७,००० आहेत, वसतिगृहात राहणाऱ्याला १३,५००. बेरीज ८०,०००, त्याचे ६० टक्के बरोबर ४८,०००. पोर्टलवर त्याच्या लॉगिनमधून मंजूर रकमेची फोड बघून खात्री करा, माझ्या अंदाजावर जाऊ नका. पण हे खरं असेल तर त्यातले ४३,८०० कॉलेजचे आणि ४,२०० त्याचे स्वतःचे. म्हणजे खड्डा २१,५०० चा नाही, १७,३०० चा आहे.

लॅपटॉप विकू नका. १४ चा घेतलेला ८ ला जाईल आणि पुढच्या वर्षी परत घ्यावा लागेल.

उद्या भावाने प्राचार्यांच्या नावाने साध्या कागदावर अर्ज लिहावा. रक्कम कधी आली, आज किती भरतोय, उरलेली कोणत्या तारखांना भरणार, आणि खाली 'परीक्षेस बसू द्यावे ही विनंती'. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. क्लार्क म्हणेल "ठेवून जा". ठेवून जायचं नाही. मीही म्हणायचो, म्हणून सांगतो.

कॉलेजचं पैसे मागणं बरोबर आहे. हॉल तिकीट अडवणं माझ्या मते बरोबर नाही. वसुलीला वर्ष पडलंय, पेपर एकदाच असतो. पण भांडण शेवटी, अर्ज आधी.

सरळ बोलतो

राग मानू नका, पण सरकारने शिक्षणाला दिलेल्या पैशांचा लॅपटॉप घ्यायचा आणि मग कॉलेजला नावं ठेवायची, हे कसं? आम्ही कर्ज काढून शिकलो. फुकट मिळालं की किंमत राहत नाही.

जुना टेबलवाला

सरळ बोलतो साहेब, लॅपटॉप शिक्षणालाच घेतलाय, पैसा दारूच्या दुकानात दिला नाही. आणि 'फुकट' म्हणाल तर ही शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी मागून घेतलेली. त्याआधी बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ साली त्यांनाच शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला धाडलं होतं. ते पैसे वाया गेले का, ते तुम्हीच सांगा. ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) सवलतीवर शिकलेली खुल्या वर्गातली माणसंही माझ्या टेबलावरून गेली आहेत, त्यांना कुणी फुकटे म्हटलेलं मी ऐकलं नाही.

असो. ताईंचा धागा आहे, भरकटवू नका.

खोली नंबर ७

ताई, मी तुमच्या भावाच्याच शहरात शिकतो, तिसरं वर्ष. त्याने स्वाधारचा फॉर्म भरलाय का? मला वाटतं नाही भरला, कारण भरला असता तर तुम्ही लिहिलं असतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या एससी आणि नवबौद्ध पोरांसाठी आहे. ही पोस्ट मॅट्रिकपेक्षा वेगळी, हिच्यात फीचा संबंध नाही, फक्त राहणं-खाणं. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या ठिकाणी वर्षाला ६०,०००. आपल्याकडे संभाजीनगरला ५१,०००: जेवणाचे २८, खोलीचे १५, निर्वाहाचे ८ हजार. पालकांचं उत्पन्न २.५ लाखांच्या आत पाहिजे आणि पोरगा त्याच शहरातला रहिवासी नको. तो जिंतूरचा, म्हणजे बसतो.

मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलंच नाही. आम्ही सात जण एका खोलीत राहायचो (नाव तिथूनच आलंय), एक जण गादीवर आणि बाकीचे सतरंजीवर, पाळी लावून. दुसऱ्या वर्षी समाजकल्याणच्या ऑफिसात दुसऱ्याच कामाला गेलो होतो, भिंतीवर कागद बघितला. आता पैसे मिळतात, पण उशिरा, तेव्हा मेसवाल्याशी गोड बोलत राहायचं हे धरून चाला. या वर्षीची मुदत गेली असेल तर पुढच्या वर्षी वसतिगृहाचा फॉर्म पहिल्याच दिवशी भरायला सांगा. नंबर लागला तर उत्तम, नाही लागला तर स्वाधार. भाडेकरार आणि घरमालकाचं आधार आत्तापासून गोळा करा. आमचा घरमालक करार करायलाच तयार नव्हता, त्याला वाटायचं खोली बळकावतील.

जिंतूरची ताई

काका, तुमचं उत्तर भावाला वाचून दाखवलं. पोर्टलवर फोड अगदी तुम्ही म्हणालात तीच निघाली, ७३ आणि ७. तुम्ही न बघता कसं ओळखलं देव जाणे. खोली नंबर ७ दादा, स्वाधारचं आम्हाला खरंच माहीत नव्हतं.

उद्या अर्ज देतोय. एक विचारायचं राहिलं. मधल्या काळात त्याने कॉलेजजवळच्या एका बँकेत नवीन खातं काढलंय, कारण जुनं जिंतूरच्या बँकेतलं आहे आणि एटीएम कार्ड बंद पडलंय. त्यांनी आधार घेतलं आणि अंगठा लावून घेतला. काही अडचण नाही ना?

परभणी टू पुणे

ताई थांबा. इथेच माझी पुतणी फसली होती.

डीबीटीचे, म्हणजे सरकार थेट खात्यात टाकतं ते पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारवर येतात. एका आधारला एका वेळी एकच बँक मॅप असते आणि शेवटी जिथे सीडिंग (डीबीटीसाठी आधार जोडणं) झालं ती बँक चालते. पुतणीने बसस्टँडवरच्या एका टेबलावर, सोबत टिफिनचा डबा फुकट मिळतो म्हणून, खातं काढलं होतं. अंगठा दिला आणि विसरली. चार महिने जुन्या पासबुकात एन्ट्री मारत बसली, पोर्टलवर पैसे दिल्याचं दिसत होतं आणि पासबुकात एक रुपया नाही. समाजकल्याणला दोन चकरा, बँकेला पाच. पैसे त्या डब्याच्या खात्यात पडून होते. डब्याचं झाकणही नीट लागत नव्हतं, ते वेगळं.

आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, तिथे बँकेचं नाव येतं. नवीन बँकेचं आलं तर घाबरू नका, फक्त राज्याचा वाटा तिथे येऊ शकतो एवढं लक्षात ठेवा आणि ते खातं बंद पडू देऊ नका. जुनंच ठेवायचं असेल तर जुन्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म परत भरून द्या. 'आधार लिंक आहे' असं काउंटरवाला म्हणेल, पण केवायसीला लिंक असणं आणि डीबीटीला सीडिंग असणं या दोन गोष्टी आहेत. 'एनपीसीआयला सीडिंग करा' असंच शब्दात सांगा, कोणत्या आधारला कोणती बँक ही नोंद ती संस्था ठेवते.

जुना टेबलवाला

अगदी बरोबर. आणि राज्याचा वाटा कुठेही पडला तरी आधी फोड बघायची, मगच हात लावायचा.

दुसरं, वडिलांना सांगा ताई. गवंडी माणूस आहे, हिशेब त्यांना आपल्यापेक्षा बरा कळतो. पोरगं एकटं बारा दिवस हे डोक्यात घेऊन अभ्यास करणार नाही.

जिंतूरची ताई

सहा दिवसांनी लिहितेय, माफ करा.

वडिलांना सांगितलं. पहिल्यांदा काही बोलले नाहीत, बिडी पेटवली. मग विचारलं, "लॅपटॉप चालतो का?" चालतो म्हटलं. "मग ठीक आहे." मुकादमाकडून ६,००० उचल घेतली आणि स्वतः संभाजीनगरला गेले. २६,५०० आणि ते ६,००० मिळून ३२,५०० भरले. उरलेले ११,३०० दोन हप्त्यांत भरायचे, अर्जावर प्राचार्यांनी सही केली. खिडकीवरचा माणूस "ठेवून जा" म्हणाला. वडील म्हणाले, शिक्का मारा, मी बसतो इथंच. पाऊण तास बसले. शिक्का मिळाला, हॉल तिकीट मिळालं. सोमवारी गणिताचा पेपर आहे.

सीडिंग नवीन बँकेचं निघालं, तसंच ठेवलंय. घरमालक भाडेकरार करून द्यायला तयार आहे, पण मुद्रांकाचा खर्च आम्ही करायचा म्हणतो.

जुना टेबलवाला

वडिलांना माझा जय भीम सांगा. असा माणूस माझ्या खिडकीसमोर बसला असता तर मीही शिक्का मारला असता.

पावती बघा जरा. त्यावर 'शिक्षण शुल्क' आणि शैक्षणिक वर्ष लिहिलंय का? राज्याचा वाटा आला की कॉलेज परत हिशेब मांडेल, तेव्हा ही पावतीच कामाला येईल.

जिंतूरची ताई

आत्ता फोटो मागवला. 'इतर' लिहिलंय, वर्षाची जागा कोरी आहे.

वडील म्हणतात, सोमवारी पेपर सुटेपर्यंत तिथंच असेन, डबा बांधून दे.