घरी घेतलेल्या वाइनची चव आपल्या शब्दांत सांगावी की लेबलावरच्या?

तेरणाकाठ
गेल्या शनिवारी रात्री घरी चेनिन ब्लां या व्हाइट वाइनची बाटली उघडली. नाशिकचीच, साधी. मागच्या बाजूला लिहिलं होतं: पीच, हनीसकल, हलका मध. हनीसकलचं फूल मी जन्मात पाहिलेलं नाही. पीच एकदा खाल्लाय, तोही डब्यातला. म्हणून लेबल उलटं फिरवून ठेवलं आणि नाकाला काय येतंय ते वहीत लिहिलं.

आधी मोसंबी. फोड नव्हे, साल. जालन्याची मोसंबी सोलल्यावर नखात जो तेलकट, किंचित कडू वास राहतो तो. मग पाडाला आलेला पेरू. घोट गिळल्यावर कैरीच्या कोयीजवळ असते तसली आंबट धार, आणि ती बराच वेळ गालांच्या आत राहिली. बायकोनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "रसवंतीतला रस, लिंबू जास्त पिळलेला." मला ते पीच-हनीसकलपेक्षा शंभरपट नेमकं वाटलं.

माझं म्हणणं एवढंच. चव लिहायची ती समोरच्याला कळावी म्हणून. जो वास त्याच्या नाकात कधी शिरलाच नाही, त्याचं नाव सांगून त्याला काय कळणार? आणि आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ नाही. आमची दोन एकर माणिक चमन आहे, खायच्या द्राक्षाची बाग. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की फेब्रुवारीपासून वडील रोज बागेत जाऊन एक मणी दातांखाली फोडतात आणि सांगतात: पाणचट आहे, अजून आठ दिवस. किंवा, आता करकरीत झाला. किंवा, साल तोंड धरतीय. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायचं यंत्र घरात आहे, पण ते नंतर निघतं. वडील माळकरी आहेत, वाइनला शिवणार नाहीत, पण चव सांगावी ती अशी.

घरी घेतलेल्या वाइनबद्दल इथं लिहूया, आपापल्या शब्दांत. पटत नसेल तर तेही लिहा.

मांजराकाठ
मूळचा लातूरचा, पुण्यात हॉटेलात आठ वर्षं वाइन वाढली. मला पटत नाही.

लेबलावरचे शब्द मिरवायला नसतात, ते माप असतं. कॅबर्ने सोव्हिन्यों या रेड वाइनला ढोबळी मिरचीचा वास येतो असं म्हणतात ते कुणाच्या मनात आलं म्हणून नाही. ढोबळी मिरचीत पायराझिन नावाचं जे वासाचं द्रव्य असतं तेच त्या द्राक्षात असतं, आणि द्राक्ष कमी पिकलं तर जास्त राहतं. म्हणजे 'ढोबळी मिरची' या दोन शब्दांत मला तोडणी लवकर झाली की वेळेवर, हेही कळतं. तुमच्या रसवंतीतून काय कळणार? तुमच्या चौकातली रसवंती आलं घालते, आमच्याकडची पुदिना.

दुसरं, भाषांतरानं घोळ होतात. सोव्हिन्यों ब्लां या व्हाइट वाइनसाठी इंग्रजीत 'गूजबेरी' म्हणतात. कुणीतरी त्याचा 'आवळा' केला आणि आता जो तो आवळा लिहितो. ते युरोपातलं काटेरी झुडपाचं फळ, आवळ्याशी त्याचं नातं नाही. आवळा तुरट, ते आंबट. लोक वाइनमध्ये आवळा शोधत बसतात आणि सापडला नाही की आपल्यालाच चव कळत नाही असं समजतात.

आधी चार गोष्टी शिका: आम्ल किती, तुरटपणा किती, अंगानं हलकी की भारी, आणि चव तोंडात किती वेळ टिकते. मग मोसंबी म्हणा नाहीतर अजून काही.

तेरणाकाठ
त्या चार गोष्टी मान्य, पुढच्या वेळी त्या क्रमानंच लिहीन. आवळ्याचंही मान्य, मीच एकदा तसं लिहिलंय.

पण ढोबळी मिरचीचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूनं दिलंत. ढोबळी मिरची आपल्या आठवडी बाजारात मिळते, म्हणून ती कळली. सोव्हिन्यों ब्लांमध्ये गंधकाची जी संयुगं असतात त्यातलं एक पेरूतही असतं. मग 'गूजबेरी'पेक्षा 'पेरू' का नको? तोही तेवढाच खरा आहे आणि इथल्या माणसाला जवळचा आहे.

खामकाठ
आमच्या घरी महिन्यातून एकदा, नवरा, मी आणि नणंद. आधी उन्हाचं बोलते, कारण चवीची निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे वाक्य थंड देशातलं आहे. तिथली खोली सोळा ते अठरा अंशांची. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात रात्री दहालासुद्धा आमची खोली बत्तीसला असते. तसली वाइन प्यालं की नाकात फक्त स्पिरिट चढतं, फळ कुठं जातं कळत नाही. रेडसुद्धा तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, व्हाइट दोन-तीन तास. आणि बाटली माळ्यावर ठेवू नका. मागच्या उन्हाळ्यात एका दुकानातून आणलेल्या बाटलीचं बूच बोटभर वर आलेलं होतं. काचेच्या दर्शनी कपाटात, पश्चिमेच्या उन्हात उभी होती ती. उघडली तर शिजवलेल्या मनुकांचा वास, शेवटी व्हिनेगर. ती चव द्राक्षाची नाही, त्या कपाटाची.

स्टीलच्या पेल्यातही घेऊन पाहिली. वास गोळाच होत नाही. तोंडाशी निमुळता काचेचा ग्लास हवा आणि तिसरा हिस्साच भरायचा.

आता शिराझ, ही रेड. नान खलियाबरोबर घेतली. खलियाचा रस्सा जड, त्याला ती पुरून उरली. मला पहिल्याच घोटाला मिरे लागले, ताजे कुटलेले. नवरा म्हणे, मिरे-बिरे काही नाही, जांभूळ आहे. बराच वाद झाला. नंतर वाचलं की मिऱ्यांत आणि शिराझमध्ये रोटुंडोन नावाचं एकच द्रव्य असतं, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली हे दाखवून दिलं, आणि साधारण पाचातल्या एका माणसाला त्याचा वासच येत नाही. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता, मीही नव्हते. मांजराकाठ, तुमचं माप कितीही नेमकं असू द्या, मोजणारी नाकं वेगवेगळी आहेत.

ठेच्याबरोबर मात्र रेड घेऊ नका. अल्कोहोल आणि तुरटपणा मिळून तिखट दुप्पट जाळतं. तिथं किंचित गोडसर चेनिनच बरी.

बालाघाटी
वाचतोय आणि वाईट वाटतंय. मी बीड जिल्ह्यातला, शाळेत शिकवतो.

मोसंबी, पेरू, जांभूळ. इतकी गोड नावं दिली की त्यात दारू आहे हे विसरायला होतं. वाइनमध्ये बारा ते चौदा टक्के अल्कोहोल असतं. साध्या बिअरपेक्षा दुपटीहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, पहिल्या थेंबापासून धोका आहे. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ते १९८८ पासून तंबाखूच्याच गटात ठेवलंय. हे लेबलाच्या मागं का लिहीत नाही कुणी, आपल्या शब्दांत?

माझा धाकटा भाऊ एकेचाळिसाव्या वर्षी गेला. सुरुवात घरीच झाली होती, चांगल्या माणसांत, चांगल्या ग्लासातून. शेवटी काय पितोय हे त्याला कळत नव्हतं. माझ्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं आहेत. बापाच्या उचलीतले किती पैसे कुठं गेले ते त्यांना पाठ असतं. जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा 'ती दारू नाही, शेतकऱ्याचा माल आहे' असं सांगितलं गेलं. अण्णा हजारे विरोधात उभे राहिले, मीही माझ्या गावात सह्या गोळा केल्या. तेच वाक्य मला या धाग्यात दिसतंय.

आणि तेरणाकाठ, वडील माळकरी. त्यांनी बागेत कमावलेले शब्द तुम्ही बाटलीला लावता, हे त्यांना माहीत आहे का?

दुधनाकाठ
मी बी पीत नाही, पण शेतकऱ्याच्या नावानं बोलणं चाललंय म्हणून लिहायलोय. कडवंचीच्या शिवाराजवळ आमची बाग. पाणी अडवून, शेततळी करून जालन्याच्या त्या गावानं द्राक्ष उभं केलं, ते बघून आम्ही लावलं.

एका कारखान्यानं वाइनच्या जातीचा करार केला. दोन हंगाम माल उचलला. तिसऱ्या वर्षी गाडीच आली नाही, फोन बी घेईनात. वाइनच्या द्राक्षाला बाजारात कुणी हात लावत नाही: मणी बारीक, साल जाड, आत बी. खाण्याचं द्राक्ष नाही विकलं तर बेदाणा होतो, ह्याचं काय करायचं? चार दिवसांत घड सुकायला लागले. ती बाग आम्ही मुळासकट काढली.

गुरुजी, तुमचं दुःख मोठं आहे, त्यावर काही बोलत नाही. पण शेतकऱ्याचा माल म्हणून दारू खपवली जाते, तसा शेतकरी बी मधल्या मधी खपतो. आणि पिणाऱ्यांनो, मोसंबी-पेरू लिहिता ते चांगलंय. डावणी, भुरीसारखे रोग, गारपीट सोसून तो घड आला, त्याचं बी एक वाक्य लिहित जा.

खामकाठ
बालाघाटी सर, तुमच्या भावाबद्दल वाचून थांबले. खूप वेळ काही लिहवेना.

तरी एक सांगते. वाइन ही आपल्या भागाला काल-परवा बाहेरून आलेली गोष्ट आहे असं सगळे धरून चालतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीनं पेरिप्लस या समुद्री व्यापाराच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की भरूच बंदरात इटलीची वाइन उतरते. त्याच बंदराशी व्यापार करणारी गावं म्हणून पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, यांची नावं त्यात आहेत.

बालाघाटी
मीही ते वाचलंय. वाइन उतरली भरूचला. तेरहून गाड्या भरून गेलं ते कापड. आपल्या माणसांनी काय विणलं ते त्या ग्रीकाला लिहावंसं वाटलं, हे तुम्ही सांगितलं असतं तर मला आनंद झाला असता. आणि पैठणची ओळख सांगायची तर नाथांपासून सुरू करा.

मांजराकाठ
सर, कापडाचा मुद्दा बिनतोड आहे.

हॉटेलातला अनुभव सांगतो. जो गिऱ्हाईक ग्लास फिरवून वास घेतो, विचारतो, लिहून ठेवतो, तो बहुतेक दोन ग्लासांवर थांबतो. नियम म्हणून सांगत नाही, मी पाहिलं ते हे. चव शोधणारा माणूस नशा शोधत नसतो असं मला वाटतं. पण तुमचा भाऊही चांगल्या ग्लासातूनच सुरू झाला म्हणता, तिथं माझ्याकडे उत्तर नाही.

तेरणाकाठ
सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तीन दिवस घेतले.

वडिलांना माहीत नव्हतं. काल सांगितलं. घरात बाटली येते, महिन्यातून एक, दोघांत दोन दिवस पुरते, हे सांगितलं. ते म्हणाले, "मला आवडलं नाही." बराच वेळ आम्ही दोघं बांधावर बसून होतो. मग मी हा धागा वाचून दाखवला, तुमचा प्रतिसाद पहिल्यांदा, दुधनाकाठांचा नंतर. करार मोडल्याचं ऐकून ते जास्त चिडले.

इथून पुढं मी चव लिहीन तेव्हा अल्कोहोल किती टक्के आणि आम्ही दोघांनी मिळून किती घेतली, हे वरच्या ओळीत लिहीन. द्राक्ष कुठल्या तालुक्यातलं ते बाटलीवर असेल तर तेही. 'शेतकऱ्याचा माल' हे कारण माझ्याकडून कधीच येणार नाही, मी पितो ते मला आवडतं म्हणून पितो. पण शब्द सोडणार नाही सर. ते मी त्यांच्याकडून बाटलीसाठी घेतले नाहीत, लहानपणी बागेत मागं मागं फिरताना आले, आणि आता जे तोंडात जातं त्याला तेच लागतात. चहा असो, जांभूळ असो, वाइन असो.

उठताना मी विचारलं, तोंड धरतं म्हणता ते नेमकं कुठं? त्यांनी काही न बोलता अंगठा गालाच्या आत घातला आणि वरच्या दाढेच्या मागं, हिरडीवर टेकवून दाखवला. "इथं. मणी कच्चा असला की इथं कोरडं पडतं."

शिराझला मला तिथंच कोरडं पडतं. मांजराकाठ, तुमच्या तुरटपणाच्या मापात हे कुठं बसतं ते सांगा.