मदत हवी आहे: ट्विन टब वॉशिंग मशीन दुबईला पाठवायचंय, सीईचा कागद पुरतो का?

पाणकणीस

नमस्कार मंडळी,

वाळूज एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. सात किलोची सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे ट्विन टब वॉशिंग मशीन आम्ही बनवतो. टब, बॉडी बाहेरून मोल्ड करून येते. मोटर, वायरिंग, असेंब्ली आणि टेस्टिंग आमच्याकडे होतं. आजवर माल दुसऱ्यांच्या नावाने गेला. बाबांनी आधी बावीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या असेंब्ली लाइनवर काढली, मग हे सुरू केलं. कागदपत्रं आणि हिशेब मी बघते.

आता पहिल्यांदाच बाहेरची चौकशी आली आहे. दुबईच्या एका व्यापाऱ्याला एक कंटेनर हवाय. अर्धा माल तो तिथेच विकणार, अर्धा सौदीत दम्मामला पाठवणार. त्याचं म्हणणं एवढंच, "सीई सर्टिफिकेट पाठवा, बाकीचं मी बघतो."

सीईसाठी, म्हणजे युरोपच्या त्या शिक्क्यासाठी, एका कन्सल्टंटला फोन केला. तो म्हणाला, चार दिवसांत देतो. मशीन कुठे पाठवायचं विचारलं, तर म्हणाला, "मशीन नको मॅडम, फोटो आणि कॅटलॉग व्हॉट्सॅप करा." बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी हाताने नको अशी खूण केली आणि नंतर म्हणाले, "ज्याने मशीन पाहिलं नाही, तो ते सुरक्षित आहे असं लिहून कसं देतो?"

माझीही तीच अडचण आहे. मशीनमध्ये पाणी आणि वीज एकाच खोक्यात असते. ओल्या हाताने माणूस स्पिनरचं, म्हणजे कपडे पिळायच्या टबाचं, झाकण उघडतो. परदेशात कुणाच्या घरात आमच्या मशीनने शॉक बसला तर तो कागद कुणाच्याच कामाचा नाही. खर्च करायची तयारी आहे, पण योग्य ठिकाणी करायचा आहे. कोणती टेस्ट, कोणत्या लॅबमध्ये, कोणत्या क्रमाने? सीईचं खरं काय आहे? विजेच्या खर्चाचं लेबल ट्विन टबलाही लागतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

राइनकाठची

मी जर्मनीत घरगुती उपकरणांच्या टेस्टिंगमध्ये काम करते, म्हणून सीईपुरतं खात्रीने सांगते.

सीई हे कुणी बाहेरच्याने दिलेलं प्रमाणपत्र नाहीच. तुमच्या मशीनसाठी ती निर्मात्याची स्वतःची घोषणा असते. विजेच्या सुरक्षेचा लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह २०१४/३५, दुसऱ्या उपकरणांत विद्युत व्यत्यय न आणण्याचा ईएमसी डायरेक्टिव्ह २०१४/३० आणि घातक पदार्थांचा रोह्स २०११/६५, युरोपच्या या तिन्ही नियमांचं पालन केलंय असं तुम्ही सहीनिशी लिहून देता. त्यामागे टेस्ट रिपोर्ट, ड्रॉइंग, सर्किट आणि सुट्या भागांची यादी असलेली टेक्निकल फाइल असावी लागते आणि ती दहा वर्षं जपून ठेवावी लागते. फाइल नसेल तर सीईचा शिक्का खोटा ठरतो आणि जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. कन्सल्टंट त्यात कुठेच नसतो. तुमच्या बाबांचा प्रश्न बरोबर जागी लागला आहे.

आणखी एक गोष्ट इथे बऱ्याच जणांकडून सुटते. वॉशिंग मशीनचं सुरक्षा मानक म्हटलं की सगळे आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेचं ६०३३५-२-७ सांगतात. पण ट्विन टबमध्ये धुण्याचं भांडं वेगळं आणि पिळायचं वेगळं. अशा मशीनमधल्या स्पिनरला ६०३३५-२-४ हे स्पिन एक्स्ट्रॅक्टरचं मानकही लागतं. दोन्हींच्या बुडाशी ६०३३५-१ हे सर्वसाधारण मानक आहेच. लॅबकडून कोटेशन घेताना तिन्ही क्रमांक लिहून मागा. नाहीतर रिपोर्ट हातात येतो आणि स्पिनरचा भाग त्यात नसतो.

लेबलचं म्हणाल तर युरोपात वॉशिंग मशीनचा इकोडिझाइन नियम २०१९/२०२३ आणि ऊर्जा लेबलचा २०१९/२०१४ हे १ मार्च २०२१ पासून लागू आहेत. ए ते जी श्रेणी, शंभर धुण्यांमागे किती युनिट ते लेबलवर, इको ४०-६० प्रोग्राम, प्रत्येक मॉडेलची ईप्रेल या युरोपच्या डेटाबेसमध्ये नोंद, सुटे भाग दहा वर्षं देण्याची अट, असं बरंच काही त्यात आहे. पण तो नियम ऑटोमॅटिक मशीनचा आहे, जिथे मधे माणसाला हात लावावा लागत नाही. कपडे एका टबातून दुसऱ्यात उचलून टाकावे लागतात, म्हणून ट्विन टब त्यात येत नाही. उद्या फुली ऑटोमॅटिक बनवलंत तर मात्र हे सगळं पहिल्या ड्रॉइंगपासून धरा.

आखातात तर सीईवर भागतच नाही. तिथलं तिथल्या माणसाने सांगावं.

दिनू_दुबई

ताई, मी इथे एका आयातदाराकडे अनुपालनाचं काम करतो. तुमचा व्यापारी "बाकीचं मी बघतो" म्हणतोय, पण जी-मार्क, म्हणजे आखाती देशांची सुरक्षेची खूण, तुमच्या मशीनवर आणि तुमच्या रिपोर्टवर मिळणार आहे, त्याच्या नाही.

आखाती देशांचा कमी व्होल्टेजच्या विद्युत उपकरणांचा एकत्र नियम आहे. १ जुलै २०१६ पासून त्याखाली जी-मार्क सक्तीचा झाला. त्यात उपकरणांच्या दोन याद्या आहेत. पहिल्या यादीतल्या वस्तूंना निर्मात्याची घोषणा चालते. दुसऱ्या यादीतल्या वस्तूंची जीएसओने, म्हणजे आखाती देशांच्या मानक संस्थेने, मान्यता दिलेल्या तपासणी संस्थेकडून (नोटिफाइड बॉडी) तपासणी लागते. वॉशिंग मशीन आणि ड्रायर दुसऱ्या यादीत आहेत. प्लगही त्याच यादीत आहे, म्हणून तीन चौकोनी पिनांचा, तेरा अँपिअर फ्यूजचा बीएस १३६३ प्लग मोल्ड केलेली कॉर्ड घेताना त्या कॉर्डचं स्वतःचं प्रमाणपत्र मागून घ्या. आपला गोल पिनांचा प्लग लावून सोबत ॲडॉप्टर देणं इथे चालत नाही.

क्रम असा ठेवा. आधी सीबी रिपोर्ट. आयईसीईई सीबी या आंतरराष्ट्रीय टेस्टिंग योजनेतला रिपोर्ट एकदा झाला की बहुतेक देश त्याच्यावरच पुढचं बांधतात, फक्त त्या त्या देशाचे फरक रिपोर्टमध्ये लिहून घ्यायचे. मग नोटिफाइड बॉडी, मग जी-मार्क. संयुक्त अरब अमिरातीत त्यावर उद्योग आणि प्रगत तंत्रज्ञान मंत्रालयाकडची नोंदणी लागते. पूर्वीची एस्मा ही मानक संस्था २०२० मध्ये याच मंत्रालयात आली. वॉशिंग मशीनचं ताऱ्यांचं ऊर्जा लेबल तिथेच मिळतं. रोह्सचा इथला वेगळा आदेश २०१७ चा आहे, त्यासाठी प्लास्टिक, सोल्डर आणि वायरचे रिपोर्ट जमवायला आत्तापासून सुरुवात करा. पुरवठादारांकडून ते यायला वेळ लागतो, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त दिवस तिथेच जातात. वापराची पुस्तिका आणि इशारे अरबीतही लागतात. जाणकाराकडून भाषांतर करून घ्या. "लहान मुलांना दूर ठेवा" हे वाक्य अरबीत चुकलेलं मी स्वतः एका कंटेनरमध्ये पाहिलंय, आणि पुस्तिका पुन्हा छापाव्या लागल्या.

सौदीचं वेगळं आहे. तिथला आयातदार सेबर या सरकारी पोर्टलवर मॉडेलची नोंद करतो. त्यावर एक वर्षाचं उत्पादन प्रमाणपत्र मिळतं आणि शिवाय प्रत्येक खेपेचं वेगळं शिपमेंट प्रमाणपत्र. ऊर्जा आणि पाण्याच्या वापरासाठी सासो २८८५ हे सौदीचं मानक आहे. ते मानक विकत घ्या आणि ट्विन टबची कलमं बाबांबरोबर बसून वाचा. म्हणजे दुबईच्या व्यापाऱ्याने दम्मामला माल "पाठवून देणं" इतकं सोपं नाही. सौदीचा आयातदार कोण, हे आधी विचारा.

पाणकणीस

दोघांचेही मनापासून आभार. ६०३३५-२-४ चं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कन्सल्टंटच्या कोटेशनमध्ये तर मानकाचा क्रमांकच नव्हता.

आज व्यापाऱ्याशी बोलले. सौदीसाठी तो म्हणतो, "रेटिंग प्लेटवर ५० च्या जागी ५०/६० हर्ट्झ छापा, झालं." बाबांनी लगेच विचारलं, तिथली फ्रीक्वेन्सी साठ आहे का. मी पाहिलं, सौदीत २३० व्होल्ट, ६० हर्ट्झच आहे. तेव्हापासून बाबा स्पिनरपाशी जाऊन उभे राहतात. आमच्या दोन्ही मोटरी फोर पोल आहेत, स्पिनर थेट मोटरच्या शाफ्टवर. यात किती धोका आहे?

जुना_शॉपफ्लोअर

बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांनी बरोबर जागा पकडली आहे. मी तीस वर्षं मोटर आणि मशीन टेस्टिंगमध्ये होतो, म्हणून हे जरा सावकाश लिहितो.

फोर पोल मोटरचा सिंक्रोनस वेग ५० हर्ट्झला १५०० आरपीएम, ६० ला १८००. वेग एक पंचमांशाने वाढला की फिरणाऱ्या ड्रमची ऊर्जा १.४४ पट होते, कारण ती वेगाच्या वर्गावर जाते. झाकण उघडल्यावर ब्रेकला तेवढी ऊर्जा जिरवायची असते. माणूस झाकण उघडतो आणि हात आत घालतो, त्यामुळे स्पिनरच्या मानकात सगळ्यात कडक भाग हाच आहे. ५० ला ज्या ब्रेकने ड्रम वेळेत थांबतो, त्याच ब्रेकने ६० ला थांबेलच असं नाही. कपडे एका बाजूला गोळा झाल्यावर ड्रमच्या प्लास्टिकवर येणारा ताणही तेवढाच वाढतो.

वॉशच्या बाजूला वेगळी गोष्ट होते. पल्सेटर, म्हणजे टबाच्या तळाची चकती, पाण्यात फिरतो, आणि पाण्यात लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाने वाढते. १.२ चा घन १.७३. त्याच वेळी व्होल्टेज तेच आणि फ्रीक्वेन्सी जास्त, म्हणजे मोटरमधला फ्लक्स (चुंबकीय जोर) कमी, टॉर्क (फिरवायची ताकद) कमी. रन कपॅसिटरमधून जाणारा करंटही वीस टक्क्यांनी वाढतो. मोटर जास्त ओढेल आणि तापेल. पुली बदलून वॉशचा वेग खाली आणता येतो, पण स्पिनर थेट शाफ्टवर आहे, तिथे पुलीची सोयच नाही. त्यासाठी मोटरपासून विचार करावा लागेल. म्हणून प्लेटवर ५०/६० छापू नकोस. प्लेटवर जे छापलं त्यावर लॅब टेस्ट करते, आणि टेस्ट न करता छापलं तर ते खोटं आहे.

आता लॅबला जायच्या आधी घरी काय बघायचं ते सांगतो. वॉशिंग मशीन लावून माणूस दुसऱ्या कामाला जातो, म्हणून मानक तिला देखरेखीविना चालणारं उपकरण धरतं. ज्या प्लास्टिकवर ०.२ अँपिअरपेक्षा जास्त करंटचे जोड बसलेत, त्याला ८५० अंशांची ग्लो वायर, म्हणजे लालबुंद तापलेली तार, सोसावी लागते. आमच्याकडे एका मॉडेलचा टर्मिनल ब्लॉक यातच गेला. दिसायला पांढरा, स्वच्छ, हाताला कडक. तापलेली तार टेकवली, काढली, तरी त्याची ज्योत विझेना. खालचा टिश्यू पेपर पेटला आणि पूर्ण रिपोर्ट थांबला. ब्लॉक अगदी स्वस्तातला होता आणि सगळं काम दोन महिने लांबलं. तेव्हा पुरवठादाराकडून मटेरियलचा ग्लो वायर रिपोर्ट माग. लाइव्ह भाग धरणाऱ्या प्लास्टिकला १२५ अंशांना गोळीने दाबून बघायची बॉल प्रेशर टेस्टही असते.

कॉर्डची पकड बघ. चार किलोपेक्षा जड मशीनला १०० न्यूटनने पंचवीस वेळा ओढतात. आपले कामगार कॉर्डला आतून नुसती गाठ मारतात, ती चालत नाही, क्लॅम्पच हवा. अर्थिंगचा रेझिस्टन्स ०.१ ओहमपेक्षा जास्त नको. मोटरच्या बॉडीवर पेंटवरून अर्थच्या वायरचं टोक, म्हणजे लग, बसवलं की तिथेच तो वाढतो, म्हणून पेंट खरवडून दातेरी वॉशर लाव. रेटिंग प्लेट ओल्या फडक्याने पंधरा सेकंद आणि पेट्रोलियम स्पिरिटच्या फडक्याने पंधरा सेकंद घासतात. साध्या स्टिकरवरची शाई स्पिरिटला टिकत नाही. आणि मशीन आयपीएक्स४ हवं, म्हणजे चारी बाजूंनी पाण्याचे शिंतोडे आले तरी आत धोका नको. टायमरच्या नॉबच्या भोकातून पाणी कुठे उतरतं ते बाबांना बल्ब लावून बघायला सांग.

सगळ्यात शेवटी सीडीएफ, म्हणजे महत्त्वाच्या भागांची यादी. मोटर, कपॅसिटर, टायमर, कॉर्ड, टर्मिनल ब्लॉक, प्रत्येकाचा मेक आणि मॉडेल त्यात लिहिला जातो. एकदा रिपोर्ट झाला की खरेदीवाल्याने स्वस्त मिळाला म्हणून दुसरा कपॅसिटर आणायचा नाही. तांब्याच्या वाइंडिंगची मोटर टेस्ट करून ॲल्युमिनियमची लावायची नाही. बदल करायचाच तर आधी लॅबला कळवायचं. रिपोर्ट त्या भागांच्या मशीनचा असतो, तुमच्या ब्रँडचा नव्हे.

लॅबसाठी अंधेरीच्या ईआरटीएल पश्चिमला आणि बडोद्याच्या एर्डाला विचार. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच: तुमच्या मान्यतेच्या यादीत ६०३३५-२-७ आणि २-४ दोन्ही आहेत का, आणि सीबी रिपोर्ट मिळेल का.

पाणकणीस

काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून बाबांनी टेस्टिंग टेबलावर चिकटवलाय.

काय झालं ते सांगते. काल आम्ही तयार मालातलं एक मशीन उघडलं. कॉर्डला गाठच होती. अर्थचं लग पेंटवर होतं, मीटर ०.३ दाखवत होता. पेंट खरवडला, दातेरी वॉशर लावला, ०.०४ आला. बाबा बराच वेळ तो आकडा बघत होते. देशातल्या मालातही आजपासून क्लॅम्प आणि वॉशर दोन्ही लागणार. तो माल आपल्याच माणसांच्या घरी जातो, हे त्यांनी कामावरच्या सगळ्या मुलांना एकत्र बोलावून सांगितलं. रेटिंग प्लेटची शाई स्पिरिटला पुसली गेली, तिच्यासाठी दुसरा छापखाना शोधला आहे.

व्यापाऱ्याला स्पष्ट कळवलं, की पहिला कंटेनर फक्त अमिरातीसाठी, ५० हर्ट्झ, जी-मार्क झाल्यावर. सौदीचं मॉडेल स्पिनरची वेगळी मोटर आणि ब्रेक तयार झाल्यावर. तो नाराज झाला, पण फोन ठेवला नाही. आम्ही त्याच्याकडे मुदत मागितली आहे.

आता एकाच गोष्टीवर अडलंय. आमच्या टर्मिनल ब्लॉकवाल्याकडे ग्लो वायरचा रिपोर्ट नाही, आणि तो "चालतं ओ ताई" एवढंच म्हणतो. वाळूज, चाकण किंवा भोसरीत ८५० अंशांच्या रिपोर्टसह ब्लॉक देणारं कुणी माहीत असेल, आणि कमी नगांतही देत असेल, तर कृपया व्यनि करा. तिथून भाग आला की सीडीएफ पूर्ण होईल आणि तीन मशीन लॅबला निघतील.